खप आणि टीआरपी सांभाळून बातमी निःपक्ष राहू शकते का?

रेणापूरचा_पोर

नमस्कार मंडळी. ज्या पेपरला किंवा चॅनलला दुसऱ्यापेक्षा जास्त माणूस आपल्याकडं ओढायचाय त्याला बातमी जशी घडली तशी देणं जमू शकतं का? का ही दोन कामं एकाच माणसाकडून होतच नसतात?

आमच्याकडं हॉटेलवर तीन पेपर येतात अन मी तिन्ही वाचतो. मागं तालुक्याला सोयाबीन खरेदी केंद्रावरून रस्ता रोको झाला, मी स्वतः होतो तिथं, शे-दीडशे माणूस असेल, तासभर रस्ता अडवला, तहसीलदार आले, निवेदन घेतलं, लोक उठले, बस एवढंच. दुसऱ्या दिवशी एका पेपरात 'बळीराजाचा एल्गार, महामार्ग ठप्प', दुसऱ्यात आंदोलनापेक्षा तिथं येऊन गेलेल्या पुढाऱ्याचा फोटो मोठा, तिसऱ्यात आतल्या पानावर चार ओळी. अन यूट्यूबवर 'तहसीलदारांना शेतकऱ्यांनी घेरलं' म्हणून लाल अक्षरात. आता खोटं म्हणावं तर यातलं कुणीच धडधडीत खोटं लिहिलेलं नाही. पण माल भरायचा बारदाना संपलाय म्हणून माप बंद पडलंय, लोक ट्रॅक्टर घेऊन तीन-तीन दिवस रांगेत हायेत, ही जी मूळ गोष्ट ज्याच्यासाठी आम्ही रस्त्यावर बसलो ती एकातही धड नव्हती.

माझा मित्र म्हणतो स्पर्धा हाय तोवर असंच राहणार, धंदा आहे. मला ते पटत पण नाही अन खोडून पण काढता येईना. तुमच्यात कुणी या लाईनमधी काम केलेलं असेल तर सांगा.

माजी_वार्ताहर

भाऊ, मी बीड जिल्ह्यात बरीच वर्षं तालुका वार्ताहर होतो, आता सोडलंय, म्हणून मोकळं लिहितो. पेपरचं नाव लिहिणार नाही.

तुमच्या मित्राचं अर्धंच बरोबर आहे. वाचक ओढायचा म्हणून बातमी बिघडते असं बाहेरून वाटतं, आत बसल्यावर कळतं की बातमी बिघडवणारा वाचक नसतोच, जाहिरातदार असतो. पाच रुपयाला तुम्ही जो अंक घेता तो छापायला कागद, शाई, गाडी, एजंटचं कमिशन धरून पाच रुपयात पडत नाही, वरचा खड्डा जाहिरातीनं भरायचा असतो. मुंबई-पुण्याच्या आवृत्तीला बिल्डर हाय, कार हाय, सोनं हाय. आमच्या तालुक्याला कोण देणार जाहिरात? साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षण संस्था, दवाखाने, अन पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायला पाहिजे तेच नेमके आपले पोशिंदे. अन तालुका वार्ताहराला पगार नसतो हो, मानधन म्हणून जे देतात त्यात मोटरसायकलचं पेट्रोल निघत नाही, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, वर्धापनदिनाची पुरवणी, प्रत्येकाला टार्गेट ठरलेलं. सकाळी ज्या चेअरमनकडं शुभेच्छा जाहिरातीचा आकडा मागायला गेलो त्याच्याच कारखान्यानं उसाचं बिल थकवलंय ही बातमी मी संध्याकाळी कोणत्या तोंडानं पाठवू सांगा. पाठवली तरी डेस्कवरून, म्हणजे बातम्या निवडणाऱ्या मुख्य ऑफिसातून, फोन येतो, 'जरा थांबा, त्यांची बाजू घेऊ', अन ती बाजू कधीच येत नाही.

आमच्याकडं बीड-संभाजीनगर पट्ट्यात मागच्या दोन-चार वर्षांत पतसंस्था, मल्टिस्टेट (एकापेक्षा जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्था) बुडाल्या, म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी गेल्या, पोरींच्या लग्नाला ठेवलेले पैसे गेले. या संस्था जोरात होत्या तेव्हा जादा व्याजाच्या पानपानभर जाहिराती यायच्या अन तेवढं व्याज देणं परवडतं कसं हे विचारणारी बातमी आमच्या पेपरात मी तरी पाहिली नाही. तिथं वाचकासाठी स्पर्धा आडवी आली नव्हती. वाचक तर अशी बातमी अधाशासारखा वाचतो.

आता दुसरी बाजू, ती कुणी सांगत नाही. स्पर्धेनंच बातमी वाचते. एका तालुक्यात आम्ही चौघं-पाचजण होतो. एका झेडपी शाळेतल्या पोषण आहाराच्या तांदळात सोंडे (किडे) निघाले, मी बातमी पाठवली, ती दोन दिवस दाबून ठेवली कारण ठेकेदार ओळखीचा. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरात पहिल्या पानावर लागली, मग आमच्या डेस्कचाच सकाळी सहाला फोन, 'आपल्याकडं कशी नाही?' चौथ्या दिवशी गटशिक्षणाधिकारी शाळेत. एकच पेपर असता तर तो तांदूळ लेकरांनी वर्षभर खाल्ला असता. तर स्पर्धा कशासाठी चाललीय ते बघा. बातमी आधी कुणाला मिळते यासाठी वार्ताहर भांडले तर लोकांचा फायदा, जाहिरात कुणाला मिळते यासाठी तेच वार्ताहर भांडले तर लोकांचं वाटोळं. मी सोडेपर्यंत पहिलं भांडण कमी होत गेलं अन दुसरं वाढत गेलं, म्हणून सोडलं.

खरं_ते_खरं

एवढं लांब कशाला लिहायचं. सगळे विकले गेलेत, पैसे फेका अन बातमी घ्या. विषय संपला.

माजी_वार्ताहर

@खरं_ते_खरं नाही दादा, विषय संपत नाही. विकलेले आहेत, त्याचे पुरावे पण आहेत, २००९ च्या विधानसभेला इकडं नांदेडकडच्या एका मोठ्या उमेदवाराचं, जे तेव्हा मुख्यमंत्री होते, त्यांचं गुणगान करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत जवळजवळ शब्दाला शब्द तोच छापून आला होता. ते उघड कुणी केलं? पी. साईनाथ नावाच्या पत्रकारानंच. प्रेस कौन्सिलनं समिती नेमली, तिचा अहवाल २०१० ला आला, निवडणूक आयोगानं खर्चाच्या हिशोबावरून नोटीस काढली ती २०१४ ला, अन पुढं दिल्ली हायकोर्टानं आयोगाचा आदेश रद्द केला, हे पण सांगितलं पाहिजे. पण वेगवेगळ्या पेपरांत सारखाच लेख आहे हे जुळवून बघायला कुणीतरी पत्रकारच बसला होता ना. वाळूच्या बातमीसाठी मार खाणारे पोरं मी जवळून बघितलेत. पत्रकारांवर हल्ले होतात म्हणून या राज्याला २०१७ ला वेगळा कायदा करावा लागला. सगळे विकलेले असते तर मारायची गरज काय पडली असती?

परभणीचे_सर

चर्चा चांगली चालली आहे म्हणून मीही लिहितो. मी इतिहास शिकवला, निवृत्त आहे.

पेपर पूर्वी निःपक्ष होते आणि आता धंदेवाईक झाले असं जे आपण धरून चालतो ते मला मान्य नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं, त्याच तारखेला आपण पत्रकार दिन करतो, ते काही खप वाढवायला काढलेलं पत्र नव्हतं, लोकांना शहाणं करायला काढलं होतं. केसरी, सुधारक ही तर उघड मतांची पत्रं. आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ ला सुधारक काढलं ते मतभेदामुळेच. वाचकाला आधीच ठाऊक असायचं की हा माणूस कुठल्या बाजूनं बोलतोय.

आणि पैसा हाच एकमेव शत्रू आहे असंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक सुरू केलं तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही केसरीनं छापली नव्हती. पैसे येत असताना नाकारले! तिथं बाजार आडवा आला नाही, जात आडवी आली. म्हणून कोण वार्ताहर आहे, कोण डेस्कवर बसतं, कोणत्या वस्तीतली माणसं त्यांच्या ओळखीची आहेत, हे जाहिरातीइतकंच महत्त्वाचं. पुढं १९४३ ला पुण्यात रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की या देशात पत्रकारिता एकेकाळी पेशा होती ती आता व्यापार झाली आहे. १९४३! टीव्ही नव्हता तेव्हा.

उलट बाजूचा एक दाखला देतो, याच्यावर सगळ्यांनी विचार करावा. अमेरिकेत १८३० च्या दशकात एक सेंटचे पेपर निघाले, न्यूयॉर्कचा 'द सन' नावाचा पेपर १८३३ चा. त्याआधीचे बरेच पेपर पक्षांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पैशावर चालायचे. या नव्या पेपरांना सगळ्यांनाच अंक विकायचा होता म्हणून एका पक्षाचं शेपूट धरून चालणं परवडेना. मग १८४६ ला असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था झाली, तिला वेगवेगळ्या मतांच्या पेपरांना एकच बातमी द्यायची होती, म्हणून मतं गाळून कोण, कुठं, कधी, किती एवढंच लिहायची सवय पडत गेली. भडकपणाही त्याच पेपरांनी आणला, ते खरं. पण 'जसं घडलं तसं' लिहायच्या सवयीच्या मुळाशी गिऱ्हाईक वाढवायची गरज सुद्धा होती, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा स्पर्धा म्हणजे निःपक्षपातीपणाचा मृत्यू हे सूत्र इतिहासात बसत नाही. सगळ्यांना धरून ठेवायचं असेल तर माणूस सरळ लिहितो, आणि आपल्याच टोळीला घट्ट धरून ठेवायचं असेल तर वाकडं लिहितो. आज चॅनल फार झाले, मोबाईल फार झाले, सगळ्यांना धरायचा विचारच कुणी करीत नाही, ज्याला त्याला आपापली टोळी पुरते.

अंबडकर_ताई

सरांचं शेवटचं वाक्य मी रोज जगलेय म्हणून लिहायलेय. मी अंबड तालुक्यातली, अंतरवाली सराटी आमच्यापासून लांब नाही.

२०२३ च्या १ सप्टेंबरला तिथं मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीचार्ज झाला, त्याच्यानंतर आमच्या भागात चॅनलच्या थेट प्रक्षेपणाच्या इतक्या ओबी व्हॅन आल्या की इतक्या गाड्या आमच्या रस्त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. सुरुवातीला बरं वाटलं, वाटलं आता आपल्या भागाचं कुणीतरी ऐकतंय. मग २०२४ च्या जूनमधी वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण बसलं, ते पण आमच्याच तालुक्यात. अन तिथून पुढं टीव्हीवर जे चालू झालं ते आरक्षण नव्हतंच, ती कुस्ती होती. स्क्रीनचे दोन भाग, इकडं हे, तिकडं ते, मधी अँकर ओरडायला. एकाचं वाक्य घ्यायचं अन पाच मिनटात दुसऱ्यापुढं बूम (माइक) धरायचा, 'ते असं म्हणाले, तुम्ही काय म्हणता?' त्याचं उत्तर घेतलं की परत पहिल्याकडं. दिवसभर तेच.

आता नीट बघा, यात खोटं कुठंय? दोघं पण खरंच तसं बोलले. दोघांना वेळ पण सारखाच दिला, म्हणजे कागदावर तर निःपक्षच. पण आमच्या गावात दोन्ही समाजाची लोकं एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहतात, एकाच विहिरीचं पाणी पाळीपाळीनं घेतात, ती लोकं कुठल्याच चॅनलला दिसली नाहीत. कुणबी नोंदी म्हणजे नेमकं काय, निजामाच्या काळातली कागदं कुठं सापडतात, या नोंदी शोधायला नेमलेल्या शिंदे समितीनं काय तपासलं, कोर्टात कोणता मुद्दा अडकलाय, हे समजून सांगायला अर्धा तास कुणी दिला नाही. त्यात भांडण नव्हतं ना. अन त्या कुस्तीचा परिणाम आम्हाला भोगावा लागला, हळदी-कुंकवाला येणाऱ्या बाया यायच्या कमी झाल्या, दुकानं बदलली, किराणा कुणाकडून घ्यायचा हे माणूस जात बघून ठरवायला लागला. हे मी ऐकीव सांगत नाही.

टीआरपीवर ढकलून चॅनलवाले सुटतात म्हणून एक सांगते. २०२० च्या ऑक्टोबरमधी टीआरपी घोटाळ्याचा तपास निघाला तेव्हा बार्कनं, म्हणजे टीव्ही किती लोक बघतात ते मोजणाऱ्या संस्थेनं, बातम्यांच्या चॅनलचं रेटिंग देणंच थांबवलं, ते परत सुरू झालं २०२२ च्या मार्चमधी. जवळपास दीड वर्ष कुणाला किती लोक बघायलेत याचा आकडाच बाहेर येत नव्हता. त्या दीड वर्षात आरडाओरड कमी झाली का? मला तरी नाही दिसली. देशभरात तेव्हा चाळीस-पंचेचाळीस हजार घरात मीटर बसवून काढलेल्या आकड्यासाठी म्हणे सगळं करावं लागतं, अन आकडा नव्हता तरी तेच केलं. ओरडायला माणसं लागतात दोन अन एक अँकर, अंबडला रिपोर्टर पाठवून पंधरा दिवस ठेवायला पैसे लागतात, माझ्या मते खरं कारण हे आहे.

लातूर_आडत

ताईंच्या मुद्द्याला धरून लातूरचं सांगतो. २०१६ च्या एप्रिलमधी मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १२ तारखेला पहिली, दहा डब्यांची, पाच लाख लिटर. स्टेशनवर कॅमेऱ्यांची इतकी गर्दी की टाकीपेक्षा कॅमेरे मोजावेत. नंतर पन्नास डब्यांची आली. बातम्या सगळ्या खऱ्या. पण मांजरा धरण कोरडं का पडलं, त्याच खोऱ्यात ऊस किती वाढला, बोअर किती खोल गेले, हे विचारायला त्या गर्दीतलं कितीजण थांबलं? पाऊस पडला अन गाड्या निघून गेल्या. कोरड्या धरणाचा फोटो काढता येतो, उसाच्या गणिताचा फोटो निघत नाही.

माझा आडतीचा धंदा, तर सोयाबीनवर बोलतो. आजकाल शेतकरी पेपर वाचून नाही, मोबाईल बघून माल आणतो. रोज सकाळी दहा व्हिडिओ, 'सोयाबीन इतके हजार पार?' पुढं प्रश्नचिन्ह, म्हणजे बोलणारा मोकळा. २०२१ ला खरंच उन्हाळ्यापासून चढत चढत ऑगस्टच्या आसपास भाव दहा हजाराच्या वर गेला होता, त्याच महिन्यात केंद्रानं बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली अन नवा माल यायच्या टायमाला भाव घसरला. तेव्हापासून ज्याला त्याला तोच दहा हजार दाखवून व्ह्यूज घ्यायचेत. २०२४-२५ ला हमीभाव होता ४८९२ अन आमच्याकडं बाजारात त्याच्या खाली सौदे निघत होते, खरेदी केंद्रावर ओलावा बघून माल परत करायलेत, अन मोबाईलवर काय? तेजी येणार. लोकांनी घरात पोती ठेवली, वर कर्जाचं व्याज चालू. बाजार समितीचं रोजचं पत्रक असतं, आवक किती, कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण दर, एकदम रुक्ष, पण बरोबर. ते बघायला कुणी नाही.

म्हणून माझं मत रेणापूरच्या भावाच्या मित्रासारखं झालंय. आकाशवाणी परभणीला कुणाशी स्पर्धा नाही, म्हणून भाव असो का बातमी, सरळ आवाजात सांगायचं ते सांगून मोकळे. सगळ्या बातम्या अशाच असाव्यात, सरकारच्या नाहीतर ट्रस्टच्या पैशावर.

परभणीचे_सर

@लातूर_आडत आकाशवाणी परभणी आमच्या घरात रोज लागायची, त्या आवाजाबद्दल मलाही माया आहे. पण तुम्ही जे म्हणता ते आम्ही भोगलं आहे. जून १९७५ ला आणीबाणी लागली तेव्हा याच रेडिओवर काय ऐकलं? देशात सगळं सुरळीत आहे. कोण तुरुंगात आहे हे कळायला लोक रात्री दार लावून बीबीसी लावायचे. प्रसार भारतीचा कायदा १९९० ला झाला, अमलात आला १९९७ ला, कागदावर स्वायत्तता आहे. तरी भाव सांगणारा रेडिओ 'खरेदी केंद्र बंद का आहे' हे त्याच जोरानं विचारील असं मला वाटत नाही. स्पर्धा नसली की भडकपणा जातो, पण जाब विचारणंही जातं. बीबीसीला तिथले लोक लायसन्स फीच्या रूपानं थेट पैसे देतात, सरकारच्या मर्जीनं दिलेल्या अनुदानापेक्षा ते निराळं, तरी ती फी किती ठेवायची हे सरकारच ठरवतं आणि त्यावरून तिथंही ओढाताण चालते.

आपल्याकडं उदाहरण हवं तर आपलाच 'मराठवाडा' हा पेपर घ्या, आ. कृ. वाघमाऱ्यांनी निजामी राजवटीत काढलेला, पुढं अनंत भालेरावांनी चालवलेला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्या पत्रानं जे सोसलं ते धंदा म्हणून कुणी सोसलं नसतं. त्याच पत्राची मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळची भूमिका मला पटली नाही, आजही पटत नाही. पण ती भूमिका नावानिशी अग्रलेखात होती, माझ्यासारख्याला तिच्याशी भांडता येत होतं. मोबाईलवरच्या प्रश्नचिन्हाशी भांडायचं कसं?

रेणापूरचा_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात आता प्रश्नच बदललाय. वार्ताहरदादा, समजा तालुक्यातल्या पाच-सातशे लोकांनी महिन्याला ठरावीक पैसे भरले अन एक माणूस पगारावर ठेवला, जाहिरात आणायची नाही या अटीवर, तर चालेल का?

माजी_वार्ताहर

गणित बसतं, पोरा. पाचशे लोकांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर पंचवीस हजार होतात, एवढ्यात तालुक्याला एक धडपड्या पोरगा किंवा पोरगी मिळते, माझ्या वेळी याच्या चौथाई सुद्धा कुणी देत नव्हतं. छापायच्या भानगडीत पडायचं नाही, मोबाईलवरच द्यायचं. अडचण वेगळीय. पैसे देणाऱ्यांतल्याच कुणाच्या भावानं गायरान दाबलं तर? पाचशे मालक झाले म्हणजे पाचशे फोन येणार. पहिल्याच महिन्यात ठरवून लिहून ठेवा की पैसे देणाऱ्याला बातमी थांबवायचा अधिकार नाही, चूक निघाली तर दुरुस्ती त्याच जागी तेवढ्याच मोठ्या अक्षरात, अन हिशोब दर महिन्याला ग्रुपवर. अन माणूस एक नको, दोन ठेवा, एक बाई ठेवा, नाहीतर निम्म्या तालुक्याच्या बातम्या घराच्या बाहेरच येणार नाहीत.

अंबडकर_ताई

अन दोघं दोन वस्तीतले ठेवा. सरांनी मूकनायकचं सांगितलं ते विसरू नका.

लातूर_आडत

सरांचं रेडिओबद्दलचं बरोबर आहे, सरकारच्या पैशाचं माझं म्हणणं मागं घेतो. पन्नासच्या जागी मी शंभर देतो महिन्याला, आमच्या गल्लीतले दहा-बाराजण तयार होतील. माझी मागणी एकच, वाढदिवसाचे फोटो नकोत अन रोजचा भाव समितीच्या पत्रकावरून घ्या, व्हिडिओवरून नको. कधी सुरू करायचं ते कळवा.